माळ्यावर सापडलेला जलसा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शाहिरी जलसे, तमाशाचे फड, भीमगीतांचे कार्यक्रम यांची घरगुती ध्वनिमुद्रणं कुणाकडे आहेत का, असं आम्ही मागे विचारलं होतं. त्यावर कॅसेटवाल्यांची पत्रं आली, स्पूलवाल्यांची, म्हणजे उघड्या रिळावरच्या टेपा असलेल्यांची, आली आणि नुसत्या चाहत्यांचीही आली. या पत्रांतला उत्साह अगदी रास्त आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. पोवाडा तेवढ्यात बसवायचा म्हणजे चौकच्या चौक (कडवी) गाळायचे, मागून पालुपद उचलणाऱ्या झीलकऱ्यांना आवरायचं आणि शाहिरांचं मधलं बोलणं टाकून द्यायचं. हा माणूस मैदानात, हजारभर लोकांसमोर कसा गात होता, ते तबकडीवरून कळत नाही. कुणीतरी पुढच्या रांगेत बसून भरलेल्या टेपवरून कळतं. म्हणून या टेपा जपून उतरवायच्या. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

प्रश्न: वडिलांच्या सामानात एक सी-९० कॅसेट निघाली. वर फक्त ‘शाहीर, जयंती, चौकातला कार्यक्रम’ एवढंच लिहिलंय. घरातले सगळे म्हणतात, आज रात्रीच ऐकू. शेजाऱ्यांकडे टेपरेकॉर्डर आहे. लावू का? (एक वाचक, बार्शी)

आज रात्री लावू नका. वर्षानुवर्षं न फिरलेल्या कॅसेटचं पहिलंच वाजणं धोक्याचं असतं, आणि कधी कधी तेच शेवटचंही ठरतं. त्यामुळे पहिल्यांदा वाजेल तेव्हाच ती उतरवून घेता येईल, अशी तयारी आधी करा.

सुरुवातीला कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन चौकोनी पट्ट्या बघा. त्या शाबूत असतील तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं मोडून टाका. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही आणि चुकून पुसलं जाण्याची भीती संपते. मग टेप जिथून बाहेर दिसते तिथे मधोमध डोकावा. तांब्याच्या पातळ पट्टीवर फेल्टची छोटी गादी असते आणि ती टेपला यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुकतो आणि गादी गळून पडते. गादी नसेल तर आवाज दबका, येत-जात ऐकू येतो आणि लोक समजतात की टेपच गेली. टेप बहुधा ठीक असते.

गादी पडली असेल किंवा कवच वाकलं असेल, तर पाच स्क्रूंची एक चांगली रिकामी कॅसेट घ्या. तिचं कवच उघडा, दोन्ही बाजूंचे गुळगुळीत पातळ कागद जागेवर राहू द्या आणि आपली टेप चकत्यांसकट उचलून त्यात बसवा. टेपची वाट दोन्ही कोपऱ्यांतल्या लहान चाकांवरून जाते. ती चुकली तर टेप कडेला घासते. जुनं कवच चिकटवलेलं असेल, स्क्रूचं नसेल, तर सांध्यात पातळ पातं घालून हळूहळू उकलावं लागतं. हे काम वर्तमानपत्रावर न करता पांढऱ्या स्वच्छ कापडावर करा. टेप सुरू होते आणि संपते तिथली पारदर्शक पट्टी, म्हणजे लीडर, निघाली असेल तर जोडायला स्प्लायसिंग टेपच वापरा. सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटवतो.

आता यंत्राबद्दल. आधी एक टाकाऊ कॅसेट पूर्ण वाजवून बघा. ती गुंडाळली गेली, ओरखडली किंवा आवाज डुलला तर त्या यंत्रात आपली कॅसेट घालायची नाही. हेड आणि टेप ओढणारा धातूचा दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीवर पुसा. टेप दांड्यावर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र अल्कोहोल लावू नका, त्यानं रबर कडक होतं. कोमट पाणी आणि साबणाचा एखादा थेंब पुरतो. कॅसेटवरून थेट संगणकात उतरवणारे यूएसबीचे स्वस्त वॉकमन मिळतात, ते टाळा. त्यांची मोटर डगमगते, आणि एकदा आत गेलेलं डुलणं नंतर काढणं महाकर्मकठीण असतं. जुना, नीट दुरुस्त केलेला, नवा बेल्ट घातलेला डेक मिळवा.

कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवली की वेढे मोकळे होतात. हे फिरवणं अडखळलं तर जोर लावू नका; कवच बदलायची गरज आहे, असं समजा. नंतर हेडजवळचा छोटा स्क्रू, म्हणजे हेडचा कोन. ज्या यंत्रावर कार्यक्रम भरला त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन क्वचितच जुळतो. आवाज मोनोवर ठेवा, तुणतुण्याची तार आणि झांज ऐकत स्क्रू अगदी पाव फेरा इकडे-तिकडे फिरवा. एका जागी झांज एकदम उजळते. तिथे थांबा. घरी भरलेल्या कॅसेटला डेकवरचं डॉल्बी (खरखर कमी करणारं बटण) बंदच ठेवा, नाहीतर वरचा सूर मारला जातो. एवढं झालं की मग उतरवायला बसा, आणि घरच्यांनाही तेव्हाच ऐकू द्या.

प्रश्न: मोबाइलमध्ये एमपी३ करून ठेवलं तर चालेल ना? (एक वाचक, इचलकरंजी)

इतरांना वाटायला चालेल, जपायला नाही. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही स्वरूपात, २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झवर घ्या. जमलं तर ९६ वर. ४८ ला स्टिरिओचा एक तास साधारण १ जीबी होतो, ९६ ला २ जीबी. आजच्या पेन ड्राइव्हच्या भावात ही बचत करण्यासारखी जागा नाही. आवाजाची पातळी सगळ्यात जोराच्या जागी उणे १० डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा. ही जागा सुरुवातीला नसते. ती पहिल्या ‘जी जी रं जी’ला, ढोलकी आणि झीलकरी एकदम उठतात तिथे असते. तिथलं बघून पातळी लावा आणि मग पुन्हा आरंभापासून उतरवा.

कॅसेट मोनो असली तरी दोन्ही वाहिन्या (डावी आणि उजवी) घ्या. घरगुती यंत्रांचा मोनो पट्टा दीड मिलिमीटर रुंद असायचा; स्टिरिओ डेकचं हेड त्याचे दोन भाग वेगवेगळे वाचतं. एका कडेला टेप चुरगळली असली तर दुसरी वाहिनी पुष्कळदा धड सापडते.

प्रश्न: रत्नागिरीच्या घरी स्पूल होत्या. कडांवर पांढरी बुरशी दिसते. उन्हात वाळवाव्यात का? (एक वाचक, दादर)

उन्हात मुळीच नको. उन्हानं टेप आक्रसते, वेढे सैल-घट्ट होतात आणि कडा कायमच्या लाटांसारख्या वाकतात. आधी त्या स्पूल बाकीच्या संग्रहापासून वेगळ्या करा, कारण बुरशीची भुकटी उडून दुसऱ्या टेपांवर बसते. हाताळताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, पंखा बंद ठेवा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत दोन-तीन आठवडे राहू द्या; जेल ओलं झालं की बदला. आतली आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांपर्यंत आली की बुरशी सुकते आणि भुकटी होते. मग मोकळ्या हवेत, धागे न सोडणाऱ्या मऊ कापडातून टेप हलकेच जाऊ देत, वाजवायच्याच वेगानं एका स्पूलवरून दुसऱ्यावर घ्या. वेगात गुंडाळू नका. यासाठी बिघडलेलं, फक्त फिरणारं यंत्र उत्तम. चांगल्या यंत्राच्या हेडवर ही घाण नको. पाणी, व्हिनेगर, डेटॉल यांतलं काहीही टेपला लावू नका.

एक तपासणी आधीच करून ठेवा. स्पूल उजेडासमोर धरा. वेढ्यांतून तपकिरी उजेड झिरपला तर टेप अॅसिटेटची, अंधार दिसला तर पॉलिस्टरची. अॅसिटेटची टेप ठिसूळ होऊन तुटते, पण सरळ तुटते, त्यामुळे जोडता येते. पॉलिस्टर ताणली जाते आणि ताणलेला भाग परत येत नाही. अॅसिटेटला आंबट वास येऊ लागला असेल तर ती टेप रांगेत पहिली घ्या, तिच्याकडे फार वेळ नाही.

टेप भट्टीत ‘भाजून’ वाजवता येते, असंही काही वाचकांनी वाचलं आहे. ते खरं आहे, पण विशिष्ट रोगापुरतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या, मागून काळा थर दिलेल्या काही पॉलिस्टर टेपांचं बंधक, म्हणजे चुंबकी भुकटी धरून ठेवणारा थर, ओल शोषतं. टेप किंचाळते आणि हेडवर चिकट राळ बसते. अशा टेपा नियंत्रित तापमानाच्या कपाटात ५० ते ५४ अंशांवर आठ तास किंवा जास्त ठेवतात आणि लगेच उतरवून घेतात, कारण गुण काही आठवडेच टिकतो. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं तापमान वर-खाली होतं, तिथे हा प्रयोग नको. अॅसिटेटला तर उष्णता द्यायचीच नाही.

प्रश्न: आमच्याकडच्या टेपमध्ये शाहिरांचा आवाज पातळ, तरुण वाटतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात सूर चढत जातो. मित्र म्हणतात, तेव्हा ते तिशीत होते आणि रंगात आले की सूर चढवायचे. खरं काय? (एक वाचक, कोल्हापूर)

खरा वेग कळल्याशिवाय वयाबद्दल काही बोलू नये. साथीला पेटी (हार्मोनियम) असेल तर गाताना सूर असा हळूहळू, तीन-चार टक्क्यांनी चढत नाही. चढवायचा झालाच तर पुढच्या पट्टीत उडी मारून चढतो. तुमच्या टेपमधलं कारण बहुधा सेलमध्ये आहे. भरणारं यंत्र सेलवर चालत होतं, सेल उतरत गेले, मोटर मंदावली आणि टेप हळू सरकू लागली. आता तीच टेप ठरल्या वेगानं वाजते तेव्हा शेवटचा भाग जलद आणि उंच ऐकू येतो. ढोलकीची लयही सोबतच वाढलेली असते. ती खूण पक्की.

दुरुस्तीला दोन आधार आहेत. पहिला, विजेची गुणगुण. लाउडस्पीकरच्या अॅम्प्लिफायरमधून ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची गुणगुण टेपमध्ये शिरलेली असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्णपट (स्पेक्ट्रम) बघताना ५० वरची रेघ जाड, अस्पष्ट दिसते. त्यासाठी फाइलची एक प्रत करून तिचा सॅम्पलिंग दर ८००० वर आणा आणि खिडकीचा आकार (विंडो साइझ) ३२७६८ ठेवा. मग पाव हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. ही रेघ ५१.४ वर असेल तर टेप २.८ टक्के जलद आहे. रेघ वळत वर गेली असेल तर ते उतरत्या सेलचं चित्र आहे.

यात दोन फसगती होतात. तुमच्या स्वतःच्या डेकचीही गुणगुण असते आणि ती नेहमी ५० लाच दिसते. ती ओळखायला टेपच्या लीडरवरचे काही सेकंद उतरवून बघा. तिथे जी रेघ आहे ती डेकची. दुसरी, जत्रेतला फड स्वतःच्या जनरेटरवर चालतो. जनरेटरची वारंवारता दिव्यांच्या भारानुसार हलते, म्हणून फडाच्या टेपला गुणगुणीचा आधार कच्चा.

तिथे दुसरा आधार, म्हणजे पेटी, कामाला येते. तिच्या पट्ट्यांचे सूर ठरलेले: पांढरी एक २६१.६ हर्ट्झ, काळी एक २७७.२, पांढरी दोन २९३.७, काळी दोन ३११.१. पेटीचा षड्ज (सा) टेपवर २८५ ला मिळाला तर तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये लोंबकळतोय, म्हणजे वेग चुकलाय. पण कुठल्या बाजूला? काळी एक धरली तर टेप २.८ टक्के जलद, पांढरी दोन धरली तर ३ टक्के मंद. पेटी एकटी याचं उत्तर देऊ शकत नाही. गुणगुण ५१.४ ला सापडली की निकाल लागतो: काळी एक, आणि वेग २.७ टक्क्यांनी कमी करायचा. जुन्या पेट्या थोड्या उतरलेल्याही असत, म्हणून दोन्ही आधार जुळले तरच हात घाला. एक पट्टी म्हणजे जवळजवळ ६ टक्के वेग. एवढ्या फरकानं पन्नाशीतला गळा चाळिशीतला वाटू शकतो.

सबंध टेप सारखीच जलद असेल तर ‘चेंज स्पीड अँड पिच’ (जुन्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड’) वापरा. नुसतं ‘चेंज पिच’ नको, कारण त्यानं सूर उतरतो पण लय चुकीचीच राहते. चढत्या भागासाठी ‘टाइम ट्रॅक’वर उतरती रेघ काढता येते. मूळ फाइलला धक्का न लावता हे सगळं प्रतीवर करायचं.

प्रश्न: अमेरिकेत वुडी गथ्री या लोकगायकाचं तारेवरचं ध्वनिमुद्रण सापडलं होतं, असं ऐकलं. तार म्हणजे काय? (एक वाचक, सॅन होजे)

टेपच्या आधी आणि सुरुवातीच्या काळात टेपच्या बरोबरीनंही केसासारख्या बारीक पोलादी तारेवर आवाज भरत. गथ्रींचा डिसेंबर १९४९ मधला, न्यू जर्सीतल्या नेवार्कचा कार्यक्रम एका विद्यार्थ्यानं तसा भरला होता. तारेची ती दोन रिळं २००१ मध्ये गथ्री अभिलेखागाराकडे आली, २००७ मध्ये ‘द लाइव्ह वायर’ नावानं प्रसिद्ध झाली आणि २००८ मध्ये ऐतिहासिक अल्बमचा ग्रॅमी मिळाला. तारेची अडचण अशी की बहुतेक यंत्रांत वेग ठरवणारा दांडा नसायचा. गुंडाळणारं रीळच तार ओढायचं. रीळ भरत जाईल तसा व्यास वाढतो आणि वेगही वाढतो. शिवाय तार तुटली की गाठ मारत, तिथे आवाज दचकतो. हे चढउतार सरळ करायला न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले गणिती केविन शॉर्ट यांची मदत घेतली गेली.

आमच्या वाचकांसाठी महत्त्वाचं म्हणजे त्यात नुसती गाणी नाहीत. गथ्रींची पत्नी मार्जोरी मंचावर आहे, ती प्रस्तावना करते, त्यांना बोलतं करते, आणि ते लांबलचक बोलतात. चाहत्यांना गाण्यांइतकंच ते बोलणं भावलं. कुणी ‘गप्पा कापू, गाणी ठेवू’ म्हणालं असतं तर अर्धा ठेवा गेला असता.

प्रश्न: टेपवर तारीख नाही. कार्यक्रम कुठल्या सालचा ते कसं ठरवायचं? (एक वाचक, औरंगाबाद)

कॅसेटच्या वयावरून ठरवू नका. कॅसेट १९६३ नंतरची असते एवढंच निश्चित, पण जुन्या स्पूलवरून नंतर कॅसेट केलेली असू शकते. सुरुवातीला खरखर दोनदा सुरू होत असेल, आधी एक मंद आणि मग खटक्यानंतर दुसरी, तर ती नक्कल आहे.

खरं साल निवेदकाच्या तोंडी असतं. भीमजलशात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा विषय चळवळ म्हणून येत असेल तर विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. कार्यक्रम बहुधा त्या दरम्यानचा. बाबासाहेबांना ‘भारतरत्न’ म्हटलं असेल तर १९९० च्या आधीचा नाही. संयुक्त महाराष्ट्राची मागणी होत असेल तर १ मे १९६० च्या आधीचा, पण तेव्हाचा पोवाडा पुढे कित्येक वर्षं म्हटला जायचा, म्हणून गाण्यावर न जाता गाण्याआधीच्या दोन वाक्यांवर जा. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा. निवेदक ‘गेल्या साली’ म्हणतो की ‘त्या साली’ म्हणतो, ते कान देऊन ऐका.

बक्षिसांच्या घोषणा तर सोन्यासारख्या. ‘अमुक गावचे सरपंच यांच्याकडून शाहिरांना अकरा रुपये’ यात गाव असतं, पद असतं, माणसाचं नाव असतं. त्या गावात जाऊन विचारलं की साल निघतं. आण्यांचा उल्लेख आला म्हणून १९५७ च्या आधीचं समजू नका. दशमान पैसा आल्यावरही लोक चार आणे, आठ आणे म्हणतच राहिले. गाण्याचा कवी कळायला शेवटचा चौक ऐका, तिथे नाममुद्रा असते. पठ्ठे बापूरावांची आणि वामनदादा कर्डकांची नावं अशीच शेवटी येतात.

सापडलेली प्रत्येक गोष्ट मिनिट-सेकंदासह वहीत लिहा: ‘१२ मिनिटं ४० सेकंद, ढोलकीवाल्याचं नाव घेतलं.’ पुण्यातून सुरू झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांचं मोल टिकलं ते ओवी, गाणारी बाई आणि तिचं गाव यांची जोडी तुटू दिली नाही म्हणून.

प्रश्न: एआयच्या अॅपनं खरखर काढली तर तुणतुणंच गायब झालं! (एक वाचक, ठाणे)

होणारच. खरखर काढणारं सॉफ्टवेअर ‘जे सतत, एकसारखं आहे ते नको’ या तत्त्वावर चालतं, आणि तुणतुणं नेमकं तेच करतं: एकच सूर, कार्यक्रमभर. झांजेचा वरचा आवाज त्याला खरखरीसारखाच दिसतो. माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली अॅप ढोलकीलाही अडथळा समजतात. थाप राहते, तिची धार जाते, आणि झीलकरी घागरीत तोंड घालून गात असल्यासारखे वाटतात.

खरखरीचा नमुना साथ सुरू होण्याआधीच्या जागेवरून घ्या, माइक चालू आहे पण तुणतुणं लागलेलं नाही, असे दोन-तीन सेकंद शोधा. कपात ६ डेसिबलच्या वर नेऊ नका. मग ‘फक्त काढलेला भाग’ ऐका; त्यात ताल किंवा शब्द ऐकू आले तर तुम्ही गाणं काढताय. गुणगुणीला ५०, १०० आणि १५० वर अरुंद खाच (नॉच फिल्टर) पुरते. पेटीचा षड्ज जवळ असेल तर तिथे खाच नको. ढोलकीच्या जोराच्या थापेनंतर शाहिरांचा आवाज क्षणभर दबतो आणि लोकांचा गलका वर येतो, ते यंत्राच्या आपोआप पातळी धरण्यामुळे. त्यावर चांगला उपाय नाही, तसंच राहू द्या. थोडी खरखर कानाला दहा मिनिटांत सवयीची होते.

प्रश्न: आमच्या चाहत्यांच्या गटाला तीन तासांचा कार्यक्रम मिळालाय. उत्तम चार गाणी यूट्यूबवर टाकायची आहेत. कायद्याची अडचण येईल का? (एक वाचक, नाशिक)

आधी ‘उत्तम चार’बद्दल. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग या क्रमाला अर्थ आहे; जलशात वंदनेपासून शेवटच्या आवाहनापर्यंत एक चढण आहे. चार गाणी काढून दाखवली की पुन्हा तबकडीच झाली. अखंड कार्यक्रम आधी जपा, जमलं तर अखंडच ऐकवा.

कायद्यात इथे तीन वेगळे हक्क आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नका. गीताच्या शब्दांवर आणि चालीवर कवीचा, संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतरची ६० वर्षं. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख दोघंही १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवर २०२९ अखेरपर्यंत. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या लावण्या आता मोकळ्या आहेत. पारंपरिक गण-गवळणीला कवीच माहीत नसतो. दुसरा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलावंत म्हणून हक्क: कार्यक्रमाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. यात ढोलकीवाला आणि झीलकरीही येतात. तिसरा, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा: प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. तुमची टेप प्रसिद्धच झालेली नाही, त्यामुळे ज्यांनी ती भरली त्यांना किंवा त्यांच्या वारसांना विचारलंच पाहिजे.

खासगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अभ्यासासाठी ध्वनिमुद्रण करण्यानं कलावंताच्या हक्काचा भंग होत नाही, पण यूट्यूब हा खासगी उपयोग नव्हे. शाहिरांच्या घरी जा, पूर्ण टेप त्यांना पेन ड्राइव्हवर द्या आणि कागदावर लेखी परवानगी घ्या: काय, कुठे, पैसे आले तर कुणाचे. मुदत संपलेली असली तरी घरी जाच. साथीदारांची नावं वर्णनात पहिल्या ओळीत लिहा. ज्यांचे फोटो कुठेच छापून आले नाहीत, त्या मागून सूर धरणाऱ्या सुरत्यांची आणि हलगीवाल्यांची ही एकमेव नोंद असू शकते.

प्रश्न: एकाच कार्यक्रमाच्या तीन प्रती तिघांकडे निघाल्या. कुठली ठेवावी? (एक वाचक, परभणी)

तिन्ही. सगळ्यात उजळ झांज जिच्यात आहे ती मुख्य धरा. नकलेगणिक वरचा सूर झिजतो. पण कॅसेटची बाजू उलटताना प्रत्येकाचे काही सेकंद, कधी अख्खा चौक सुटलेला असतो. दोघांनी स्वतंत्रपणे भरलं असेल तर एकाची फट दुसऱ्याकडे भरून निघते. जोडण्याआधी दोन्हींचा वेग दुरुस्त करा आणि जोड कुठे आहे ते नोंदीत लिहा.

प्रश्न: उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट टाकून द्यावी का? (एक वाचक, मडगाव)

नाही. उद्या चांगलं यंत्र मिळेल तेव्हा ती पुन्हा लागेल. कॅसेट शेवटपर्यंत वाजवून, मागे न फिरवता, उभी ठेवा. वाजण्याच्या वेगानं गुंडाळलेले वेढे सारख्या ताणात राहतात. स्पीकर आणि मोटरपासून लांब, जमिनीपासून वर, पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्यात. फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात. संग्रह मोठा असेल तर मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीशी किंवा गुरुग्रामच्या एथ्नोम्युझिकॉलॉजी (समाज-संस्कृतीच्या अंगानं संगीताचा अभ्यास) अभिलेखागाराशी बोला. मूळ टेप देताना तुमची मिनिट-सेकंदांची वही सोबत द्या, आणि वापराच्या अटी तुमच्या आणि शाहिरांच्या घरच्यांच्या सह्यांनिशी लिहून घ्या.